नाव तेवढं तुझ्या हातानं

"कोनले लिखस तू हाई?"

भिंतीपलीकडून पुंजाचा आवाज आला आणि माझी तव्यावरची पोळी करपली. ही गोष्ट १९९३ सालातली. नाशिक रोडला कॉलनीत आमचं घर. आमचे हे नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. मागच्या दोन खोल्या आम्ही पुंजा आणि मालनबाई या जोडप्याला भाड्यानं दिल्या होत्या. दोघं नामपूरकडची, आपसात अहिराणी बोलायची. पुंजा मालेगावहून कापडाचे गठ्ठे आणणारा टेम्पो चालवायचा. गरीब माणूस. बायकोशी भांडायचं म्हटलं तरी आधी खोकायचा. त्या दिवशी मात्र न खोकताच सुरू झाला होता.

झालं होतं असं, की गव्हाच्या डब्यामागे त्याला चाळीसएक पानं सापडली. निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी भरलेली. पुंजाला वाचता येत नव्हतं, पण हे मराठी नाही, इंग्रजी आहे, एवढं कळत होतं. बायको इंग्रजीत कोणाला पत्रं लिहिते, म्हणून तो घाबरला होता.

"काय लिखेल शे यामा? सांग!"

"माले काय माहीत!"

"तूच लिखं ना?"

"लिखं. वाचं थोडंच शे!"

नवऱ्याला गप्प करणारी इतकी सरळ उत्तरं मी फार ऐकलेली नाहीत. मी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत मागच्या दारानं त्यांच्याकडे गेले, कारण त्या चाळीस पानांमागचा खरा चोर आमच्याच घरात होता.

माझी धाकटी तृप्ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. महिनाभर काविळीनं झोपून होती आणि जर्नल अपुरं राहिलं होतं. जर्नल म्हणजे कॉलेजात केलेल्या प्रयोगांची वही. ती पुरी करून सरांची सही घेतल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. तृप्ती मैत्रिणीची वही पुढे घेऊन रडत बसली होती. मालनबाई विरजण मागायला आली होती. तिनं वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच ना? द्या इकडं, मी काढून देते."

लिहून देते नाही म्हणाली, काढून देते म्हणाली. रांगोळी काढतात तसं. नामपूरच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली होती आणि अक्षरात तिचा कायम पहिला नंबर. इंग्रजी मुळाक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. पण ओळीखाली ओळ अशी उतरवली, की मैत्रिणीची मूळ वही नक्कल वाटावी. एक गोष्ट मात्र तिनं केली नाही. पहिल्या पानावर नावाची जागा कोरी सोडली आणि सरांच्या सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीकशी फुली केली.

तृप्ती म्हणाली, "अहो वहिनी, नावपण लिहा ना."

"नाव तेवढं तुझ्या हातानं लिही. दुसऱ्याचं नाव मी कसं घेऊ?"

हे सगळं मी पुंजाला सांगितलं. त्यानं पानं जुळवून परत डब्यामागे ठेवली. मग खोकला आणि बायकोला म्हणाला, "मंग ठीक शे. पन जे लिखस, ते वाचत जाय ना."

तृप्तीच्या जर्नलवर सरांनी सुंदर अक्षराबद्दल शेरा दिला. तृप्ती हुशार, तोंड मिटून बसायला हवं होतं. तिनं मैत्रिणींना सांगितलं. सहा महिन्यांत कॉलेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला मनोज मालनबाईचा पोस्टमन झाला. पोरं त्याच्या दुकानात वह्या ठेवून जायची. मालनबाई सकाळी जाऊन आणायची आणि पुऱ्या झाल्या की पावणेदहाला, कॉलेज भरायच्या आत, नेऊन द्यायची. वही दुधाच्या धुतलेल्या पिशव्या कापून शिवलेल्या पिशवीत. वही देताना दर वेळी तीच दोन वाक्यं. फुली केली आहे तिथे सही घे. नाव तेवढं तुझ्या हातानं लिही. येताना पालेभाजी आणायची.

झेरॉक्स नव्हती तेव्हा पोरं एकमेकांच्या वह्या उतरवून घ्यायची. त्या निमित्तानं त्यांची नजर एकदा तरी त्या ओळींवरून फिरायची. मनोजचं मशीन आल्यापासून तेही संपलं. दहा मिनिटांत वर्षभराचा अभ्यास गरम गरम हातात. तो पिशवीत टाकला की पोरांच्या तोंडावर जेवण झाल्यासारखं समाधान. वर्गातले सर शेवटी वैतागले आणि फळ्यावर लिहून टाकलं, की झेरॉक्स चालणार नाही, जे काय ते हातानं लिहून आणा. पोरांना वळण लागावं म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या अंगणात चप्पल काढायला जागा उरली नाही.

मालनबाई पुंजाचं ऐकत होती. रद्दीतून तिनं एक जाडा शब्दकोश आणला होता, अर्धा पुठ्ठा गेलेला. लिहिता लिहिता एखाद्या शब्दावर अडली की ओट्यावरून हाक मारायची, "तृप्ती, हे ‘देअरफोर’ काय गं सारखं सारखं?" तृप्ती सांगायची, "म्हणून." मग दिवसभर मालनबाई जाता-येता म्हणायची, "दूध नासलं, देअरफोर आज पनीर." तृप्ती लग्न होऊन पुण्याला गेली. शब्दकोश राहिला. चार-पाच वर्षांत मालनबाई लिहिलेलं वाचायला लागली आणि वाचलेलं मला सांगायला लागली. चहा उकळेपर्यंत मला मातीचे प्रकार कळायचे, कपबशा धुवून होईतो कोणता कर कोणी बसवला ते. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण मला नाही म्हणायला जमायचं नाही, इतकं ती गोडीनं सांगायची.

मग कॉम्प्युटर आले. बस स्टॉपजवळ सायबर कॅफे निघालं. पोरं आत जायची, विषयाचं नाव टाकायची आणि वीस पानं छापून बाहेर यायची. मला वाटलं, आता बाईचं काम गेलं. उलटच झालं. छापलेलं बघून सर आणखी चिडले आणि हातानं लिहायची अट आणखी कडक केली. म्हणजे कॉम्प्युटरमधून निघालेलं मालनबाईनं शाईनं लिहायचं, पोरानं सरांना द्यायचं आणि सरांनी सही करायची. यात पोरानं वाचायचं कुठे आणि सरांनी वाचायचं कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

पहिल्या पहिल्यांदा मालनबाई समोर असेल ते सगळं उतरवायची. पानाच्या खाली ‘सातपैकी तिसरं पान’ असं छापलेलं असे, तेही. कडेला एखादी ‘वधू पाहिजे’ची जाहिरात असे, तीही. एका पोराच्या अर्थशास्त्राच्या वहीत तिनं तांबड्या शाईनं चौकट आखून आत इंग्रजीत लिहिलं होतं, की पुढे जाण्यासाठी इथे दाबा. सरांनी चौकटीवरच सही केली. पुढे तिला कळायला लागलं तसं ती गाळायला लागली, मग दुरुस्त करायला लागली. मनोजच्या फोनवरून पोरांना बोलावून घ्यायची. "बाळा, तुझ्या पाचव्या पानावर पाऊस पडतोय आणि सहाव्यावर एकदम बँक आलीये. मधलं पान कुठंय?" पोरगं म्हणायचं, "काकू, तसंच लिहा ना, कोण बघतंय!"

"मी बघतेय ना," मालनबाई म्हणायची.

घरी बसून बी.ए. करायची सोय निघाली, तेव्हा नोकरी करणारी मोठी माणसंही तिच्याकडे येऊ लागली. घरी लिहायचे स्वाध्याय त्यांना द्यावे लागायचे. एक दिवस असाच कोणाचा तरी स्वाध्याय संपवून ती माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"आक्का, दहावी नसली तरी चालतं म्हणे. आधी एक लहान परीक्षा द्यायची, मग बी.ए.ला घेतात."

"कोणाला घेतात?"

"मला."

मी तिच्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, कानामागे पेन. दहा वर्षांत तिनं दीडदोनशे लोकांना पास केलं होतं. मी म्हटलं, "एकदा आपलंही लिही मग."

लहान परीक्षा ती सहज पास झाली. २००३ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. पहिला स्वाध्याय होता, आपल्या गावच्या बाजाराचं वर्णन करा. इतरांसाठी तिनं हाच विषय कॉम्प्युटरच्या पानांवरून सातदा लिहिला होता. स्वतःच्या वेळी ती पानं बाजूला सारून बसली. आठ दिवस तिच्या हातून ओळ निघेना. समोर बघायला काही नाही, हे तिला पहिल्यांदाच होत होतं. आधी म्हणाली, विषय बरोबर नाही. मग म्हणाली, पेन बरोबर नाही. नवव्या दिवशी बारा पानं लिहून आणली आणि मला वाचून दाखवली.

नामपूरचा आठवडे बाजार होता त्यात. तिची आई भिमाबाई कांद्याच्या पाट्या घेऊन बसायची. सगळ्या बायका मोठा कांदा वर रचायच्या आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, खाली दडवायच्या. भिमाबाई उलटं करायची. गोल्टी वर, मोठा खाली. गिऱ्हाईक नाक मुरडत पाटीत हात खोल घालायचं आणि हसायला लागायचं. मग दुसऱ्या पाटीकडे बघायचंच नाही. ऐकता ऐकता माझी आमटी उतू गेली. मी म्हटलं, "मालन, हे तू लिहिलंस?" म्हणाली, "मलाही तेच वाटतंय."

बी.ए.चं अभ्यासकेंद्र रविवारी एका शाळेत भरायचं. सोबत म्हणून मी गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खिडकी उघडी होती. तपासणारे सर चष्मा कपाळावर चढवून गठ्ठे उपसत होते. मालनबाईचा स्वाध्याय हातात घेतला, चष्मा खाली आणला, परत वर नेला.

"बाई, हे कोणाकडून लिहून घेतलंत?"

"मीच लिहिलंय, सर."

"असं?" सरांनी गठ्ठ्यातून एक, दोन, करत सात स्वाध्याय काढून टेबलावर पसरले. "हे सात जण. अक्षर एकच. तुमचं आठवं. मी काय इथे गंमत म्हणून बसलोय? त्यांना सांगितलंय तेच तुम्हाला सांगतो, पुढच्या रविवारपर्यंत स्वतःच्या अक्षरात लिहून आणा. नाहीतर यंदाचं वर्ष विसरा."

सर लबाड नव्हते हो. उलट इतक्या वर्षांत चोरी पकडणारा पहिला माणूस तोच. फक्त पकडला तो नेमका खरा माणूस.

परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, "अगं, सांगायचं ना, ते सातही मीच लिहिलेत म्हणून! तिथेच बसून चार ओळी लिहून दाखवायच्या."

"आणि त्या सातांचं?"

"त्यांचं काय?"

"मी कबूल केलं की त्यांचं वर्ष जाईल, आक्का. एक नर्स आहे, एक एसटीतला कंडक्टर आहे. कंडक्टरची बढती अडकलीये. माझं खरं करायला मी त्यांची नावं पुढे करू?"

"मग तुझं वर्ष जाऊ दे."

ती बिटको चौकापर्यंत दुकानांची नावं वाचत राहिली. मग म्हणाली, "अक्षर वेगळं पाहिजे, एवढंच ना त्यांचं म्हणणं?"

दोन दिवस तिनं वाईट अक्षर काढायचा प्रयत्न केला. डाव्या हातानं लिहिलं, बोरू धरून लिहिलं, पोथीसारखं, पावतीसारखं. कसंही लिहिलं तरी तिसऱ्या ओळीला मूळ वळण परत यायचं. शेवटी मी म्हटलं, आपल्या घरात वाईट अक्षर आयतं आहे, तू कशाला त्रास करून घेतेस?

माझा नातू अमित. थोरल्या मुलाचा मुलगा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, राहायला आमच्याकडेच. मोबाईलवर अंगठ्यानं इतकं भराभर लिहायचा, की मला वाटायचं तो मोबाईल पुसतोय. पण बारावीच्या परीक्षेनंतर त्यानं पेन धरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याच्या सगळ्या वह्या कोण लिहायचं ते सांगायला नको.

"काकू, मी? माझं अक्षर मलाच वाचता येत नाही," अमित म्हणाला.

"तेच पाहिजे," मालनबाई म्हणाली.

"टाइप करून देतो ना मस्तपैकी. बॉर्डर टाकून."

"हातानं."

"बारा पानं? काकू, हात तुटेल माझा!"

"तुझी अकाउंटची फाइल सोमवारी द्यायचीये ना?" मालनबाई इतक्या प्रेमळपणे म्हणाली, की अमितनं पेन उघडलं.

पहिलं पान संपायला पाऊण तास लागला. बोटं झटकत होता, पेनला शिव्या देत होता, ‘आणि’च्या जागी काहीतरी चिन्ह काढत होता. मालनबाई समोर बसून त्याची फाइल लिहीत होती, सरसर. मी भाजी निवडत दोघांकडे बघत होते. माझ्या घरात दोन विद्यार्थी अभ्यासाला बसले होते आणि दोघंही दुसऱ्याचा अभ्यास करत होते.

"अमित, कुठवर आलं?" मी विचारलं.

"पान तीन."

"काय आहे त्यात?"

"काय माहीत. लिहितोय ना, वाचत कुठे बसू?"

मालनबाईनं मान वर केली. दहा वर्षांपूर्वीचं भांडण आम्हा दोघींना एकदमच आठवलं. ती नुसती हसली आणि परत लिहायला लागली.

सातव्या पानावर अमितचं पेन थांबलं. मला वाटलं रिफिल संपली. तो मागचं पान उलटून बघत होता.

"काकू, हे खरंय? तुमच्या आई गोल्टी वर ठेवायच्या?"

"हो मग."

"आणि त्या व्यापाऱ्यानं पाटी उपडी केली तेव्हा?"

"पुढे लिहिलंय. लिही म्हणजे कळेल."

"आधी वाचतो ना," अमित म्हणाला आणि उरलेली पाच पानं वाचून काढली. मग त्याच्या मोबाईलवर दोनदा घंटी वाजली, तरी त्यानं तो उपडाच ठेवला.

रविवारी गेलो. पहिल्या पानावर नाव मात्र मालनबाईनं स्वतः घातलं होतं. अमित लिहायला निघाला होता, तिनं कागद ओढून घेतला. बाकी बारा पानं कावळ्यांनी चालून गेल्यासारखी, आणि वर एक नाव मोत्यासारखं. मला धास्ती वाटत होती. सरांनी चष्मा खाली आणला. त्या सात जणांच्या अक्षरातलं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी ते पाहिलं, पान उलटलं, आतली दशा पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता कसं! अक्षर वाईट आहे, पण तुमचं आहे. लाजायचं नाही, बाई."

आणि बाराही पानांवर भराभरा सह्या केल्या. पाटीत हात काही त्यांनी घातला नाही. वरची गोल्टी बघूनच त्यांचं समाधान झालं.

एकदा तुमचं अक्षर ठरलं की ठरलं. पुढची तिन्ही वर्षं मालनबाईचे स्वाध्याय ती लिहायची आणि अमित उतरवायचा. अमितच्या वह्या मालनबाई उतरवायची. तिसऱ्या वर्षी सर म्हणाले, "बाई, तुमच्या अक्षरात सुधारणा आहे. रोज लिहिता वाटतं?" बाई म्हणाली, "हो सर, रोज." खोटं काय त्यात? अमितचं अक्षर खरंच सुधारलं होतं. मराठीतून बी.ए. करणाऱ्या बाईच्या आठ-नऊ वह्या त्याच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. बी.कॉम.ला त्याला बेताचेच गुण पडले, पण जेवताना आम्हाला नाटकाचे प्रकार समजावून सांगायचा.

परीक्षा तिनं स्वतःच्या हातानं दिली. तिथे कोण अक्षर ओळखणार? तीन तासांत पुरवण्यांवर पुरवण्या. तिच्या शेजारच्या बाकावरचा तरुण मुलगा दर दहा मिनिटांनी मनगट दाबत बसायचा. शेवटी म्हणाला, "काकू, तुमचा हात दुखत नाही?" ती म्हणाली, "दुखायला तो माझा कुठे होता आजवर!"

२००६ साली दुसऱ्या वर्गात पास झाली. पदवीचा कागद पुढच्या वर्षी आला. ती तो घेऊन आधी माझ्याकडे आली, मग मागे गेली. मी ओट्याशी उभी होते, भिंत तीच, ऐकू येणारच. पुंजानं कागद हातात घेतला असावा. आधी खोकला. मग विचारलं, "हाई तरी वाचं का?"

"वाचं. तीन डाव."

"काय लिखेल शे?"

"माझं नाव."

नंतर मला दाखवताना मात्र हिरमुसून म्हणाली, "आक्का, बघा. आजवर कोणाचं नाव मी लिहिलं नाही, आणि माझं लिहिलं ते कॉम्प्युटरनं."

दोन वर्षांत कॉलेजवाले थकले. छापून आणा, बांधून आणा, काही म्हणा, फक्त वेळेवर आणा, असा नवा नियम निघाला. अंगणातल्या चपला कमी झाल्या. पुंजाची नजरही अधू झाली होती, रात्रीचं चालवणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. दोघांनी नामपूरला आपल्या घरी जायचं ठरवलं. मालनबाईकडे एकच वही उरली होती. पूजा नावाच्या मुलीची, कोणत्या तरी जुन्या वळणाच्या मॅडमनं हातानं मागितलेली.

निघायच्या दिवशी टेम्पोत सगळा संसार भरला. वर खाट, खाटेवर गव्हाचा डबा, डब्यात शब्दकोश. मी भाजीच्या निमित्तानं चौकापर्यंत पुढे बसले. कॉलेजच्या फाटकाशी मालनबाई म्हणाली, "थांबवा." पुंजानं गाडी कडेला घेतली. पावणेदहा झाले होते.

ती उतरली. दुधाच्या पिशवीतून वही काढली. पूजा मनोजच्या दुकानाशी उभी होती, कानात वायर, मान मोबाईलमध्ये. मालनबाईनं तिच्या खांद्याला हात लावला, वही उघडून दाखवली.

"फुली केलीये तिथं मॅडमची सही घे. नाव तेवढं तुझ्या हातानं लिही."

"पेन नाहीये, काकू."

मालनबाईनं कानामागचं पेन काढून दिलं आणि मुलगी लिहून संपेपर्यंत वही खालून तळहातावर धरून उभी राहिली. मग पिशवीची घडी घातली आणि समोरच्या गाडीवर मेथीची जुडी बघायला गेली.